चंद्रस्वर, सूर्यस्वर आणि एक कॅलेंडर

आपल्या मंडळाची स्मरणिका डॉक्टरांच्या घरी जाते, तशीच ती समाजातील अनेक कुटुंबांच्या घरीही जाते. दोघांनाही वाचावेसे वाटेल असे काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह होता. विषयाचा विचार करताना मला एका जुन्या कॅलेंडरची आठवण झाली. त्या कॅलेंडरने मला वैद्यकशास्त्रातला एक धडा दिला आणि त्याची फी मात्र माझ्या एका लहानग्या रुग्णाने भरली. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बडोद्यातील माझ्या दवाखान्यात एक आजोबा आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन येत असत. तरुणपणी दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात घाम गाळलेले, ताठ कण्याचे, मितभाषी गृहस्थ. मुलाची तक्रार एकच होती, सतत सर्दी. नाक वाहते, रात्री घोरतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. मी ॲलर्जीचे निदान केले, औषधे दिली, धूळ टाळा, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, असे नेहमीचे सल्ले दिले. थोडे बरे वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत आजोबा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, एक सांगू का? या मुलाचा सूर्यस्वर कधी चालतच नाही. सदा चंद्रस्वर. म्हणूनच त्याचे गणित कच्चे आहे. उजवा स्वर चालला की डावा मेंदू जागा होतो, असे मी वाचले आहे.’’

मी हसलो. उपहासाने नव्हे, पण हसलो खरा. ‘‘आजोबा, गणिताचे काय ते शाळेतल्या बाईंवर सोडा, आपण सर्दीचे बघू,’’ असे काहीसे बोलून मी प्रिस्क्रिप्शन लिहिले. त्या हसण्याची किंमत त्या मुलाला आणखी आठ महिने मोजावी लागली. ती कशी, हे कळण्यासाठी आधी नाकपुड्यांचा कारभार समजून घेतला पाहिजे.

नाकपुड्यांची पाळी

आपण दोन्ही नाकपुड्यांनी सारखाच श्वास घेतो, अशी आपली समजूत असते. वाचकांनी आत्ताच एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घ्यावा, मग उलट करावे. बहुतेकांना एक बाजू मोकळी आणि दुसरी जड असल्याचे जाणवेल. काही तासांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तर पुष्कळांच्या बाबतीत बाजू बदललेली आढळेल.

या घटनेचे पहिले पद्धतशीर वर्णन रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली केले. तिला ‘नेझल सायकल’ म्हणतात. मराठीत आपण नासाचक्र म्हणू. नाकाच्या आतील बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या वळकट्या असतात. त्यांच्या आवरणाखाली नीलांचे जाळे असते. ते रक्ताने भरले की वळकटी फुगते आणि वाट अरुंद होते. रक्त ओसरले की वाट मोकळी होते. या भरती-ओहोटीची सूत्रे स्वायत्त मज्जासंस्थेच्या, विशेषतः तिच्या अनुकंपी शाखेच्या हाती असतात आणि त्यांचे वरिष्ठ नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस या केंद्राकडे आहे, असे मानले जाते. एका बाजूला भरती तेव्हा दुसऱ्या बाजूला ओहोटी, असे असल्यामुळे दोन्ही मिळून होणारा एकूण अडथळा जवळजवळ स्थिर राहतो. म्हणूनच आयुष्यभर चाललेली ही अदलाबदल आपल्या लक्षात येत नाही.

हेटडर्क्स या संशोधकाने १९२७ साली सुमारे ८० टक्के निरोगी माणसांत हे चक्र आढळल्याचे नोंदवले. पुढे व्याख्या जितकी काटेकोर झाली, तितके हे प्रमाण कमी भरले. चक्राचा काळही घड्याळासारखा नेमका नसतो. कोणाचा अर्धा-पाऊण तास, कोणाचा पाच-सहा तास. झोपेत तो लांबतो. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी जड होते आणि वरची मोकळी होते. मुलांतही हे चक्र दिसते, पण मोठ्यांइतके रेखीव नसते.

निसर्गाने ही व्यवस्था कशासाठी केली असावी? दिवसभरात हजारो लिटर हवा गाळून, ओलावून आणि उबदार करून फुफ्फुसांकडे पाठवण्याचे काम नाक करते. पाळीपाळीने एका बाजूला विसावा मिळावा, हे एक संभाव्य कारण. दुसरे अधिक मनोरंजक आहे. १९९९ साली नोम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये असे दाखवले, की काही गंध वेगवान प्रवाहात चांगले कळतात, तर काही संथ प्रवाहात. म्हणजे एक नाकपुडी मोकळी आणि एक जड असण्याने आपल्याला एकाच वेळी गंधाच्या दोन प्रती मिळतात.

जुने शास्त्र आणि आपले बडोदे

कायझरच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे निरीक्षण झालेले होते, हे मान्य करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. शिवस्वरोदय हा शिव-पार्वतीसंवादरूपी संस्कृत ग्रंथ सर्वस्वी याच विषयावर आहे. डावीकडची ती इडा अथवा चंद्रनाडी, उजवीकडची पिंगला अथवा सूर्यनाडी, आणि दोन्ही समान चालतात तेव्हा सुषुम्ना. अडीच घटकांनी, म्हणजे साठ मिनिटांनी, स्वर बदलतो असे तो ग्रंथ सांगतो. मराठी वाचकाला इडा-पिंगला परक्या नाहीत; ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायापासून त्या आपल्या ओळखीच्या आहेत.

मात्र त्याच ग्रंथात कोणत्या स्वरात प्रवासाला निघावे, कोणत्या स्वरात युद्धाला जावे, येथपासून रोग्याच्या भवितव्यापर्यंतचे आडाखेही आहेत. निरीक्षण आणि त्यावर उभारलेले भाकीत यांची तेथे सरमिसळ आहे. ती वेगळी करण्यासाठी मोजमाप हवे, हा आग्रह ज्यांनी आपल्याकडे प्रथम धरला, त्यांत एक नाव बडोद्याशी जोडलेले आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली आपल्या शेजारच्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरसाधनेचे धडे घेतले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा क्ष-किरणांच्या आणि दाबमापकांच्या साहाय्याने अभ्यास करण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय आहे. श्रद्धा असावी, पण ती मोजपट्टीला घाबरणारी नसावी, हा त्यांच्या कार्याचा अर्थ मला वाटतो.

मेंदूशी नाते : काय आढळले?

आता मुख्य प्रश्न. नाकपुडी बदलली की मेंदूचा कारभार बदलतो का?

१९८३ साली अमेरिकेतील वर्न्ट्झ, बिकफर्ड, ब्लूम आणि शानाहॉफ-खाल्सा यांनी नाकातील प्रवाह आणि मेंदूच्या दोन्ही गोलार्धांचा विद्युतआलेख एकाच वेळी नोंदवला. जी नाकपुडी मोकळी, तिच्या विरुद्ध बाजूच्या गोलार्धातील लहरींची उंची तुलनेने अधिक, असे त्यांना दिसले. १९८७ साली त्यांनी मुद्दाम एकाच नाकपुडीने श्वास घ्यायला लावून आलेख बदलतो असेही नोंदवले. दरम्यान १९८६ साली क्लाइन आणि सहकाऱ्यांनी उजवी नाकपुडी मोकळी असताना शाब्दिक कामे, तर डावी मोकळी असताना आकार आणि दिशा ओळखण्याची कामे तुलनेने सरस होतात, असा संबंध दाखवला. आजोबांनी मासिकात वाचले होते, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

परंतु कथा एवढ्यावर संपत नाही. १९८९ साली ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी अशीच चाचणी स्त्री-पुरुषांवर स्वतंत्रपणे केली. स्त्रियांत आकार-दिशांच्या कामापुरता परिणाम अपेक्षेप्रमाणे विरुद्ध गोलार्धाशी जुळला. पुरुषांत मात्र तो नेमका उलटा, त्याच बाजूच्या गोलार्धाशी जुळणारा निघाला.

माझ्या विषयाशी निगडित अभ्यास १९९७ सालचा, बंगळुरूच्या योग संशोधकांचा आहे. दहा ते सतरा वर्षांच्या १०८ शाळकरी मुलांचे चार गट केले. एकाने उजव्या नाकपुडीने, दुसऱ्याने डाव्या, तिसऱ्याने आलटून पालटून श्वसन केले. चौथ्या गटाने नाकपुडीला हातही न लावता केवळ श्वासाकडे लक्ष दिले. दहा दिवसांनी चारही गटांची आकारविषयक स्मृती सुधारली, सरासरी ८४ टक्क्यांनी. शाब्दिक स्मृतीत तशी सुधारणा दिसली नाही. काहीच न करणाऱ्या २७ मुलांत फरक पडला नाही. या निष्कर्षातील मेख लक्षात घ्यावी. लाभ झाला, पण तो उजव्या-डाव्याचा नव्हता. शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा तो असावा, असे निदान मला वाटते.

त्याच परंपरेतील १९९४ सालच्या अभ्यासात महिनाभर उजव्या नाकपुडीच्या श्वसनाने शरीराचा प्राणवायूचा वापर ३७ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले आहे. ‘सूर्यनाडी उष्ण’ या कल्पनेला हे पोषक वाटते. पण तेथेही डाव्या, म्हणजे ‘शीतल’ नाडीने २४ टक्के वाढ झाली होती. फरक कमी-अधिकाचा होता, उष्ण-शीत असा विरुद्ध नव्हता.

एक गैरसमज येथेच दूर करतो. उजव्या नाकपुडीतली हवा डाव्या मेंदूला प्राणवायू पुरवते, असे काही पुस्तिकांत छापलेले असते. ते सर्वस्वी चूक आहे. दोन्ही नाकपुड्यांतील हवा घशात एकत्र होते, एकाच श्वासनलिकेतून फुफ्फुसांत जाते आणि तेथून निघणारे रक्त दोन्ही गोलार्धांना सारखेच मिळते. संबंध असलाच तर तो मज्जातंतूंच्या मार्गाने असला पाहिजे. त्यातही गंधवाहक तंतू मुख्यतः त्याच बाजूच्या मेंदूकडे जातात, विरुद्ध बाजूला नव्हे. दुसरी शक्यता अशी, की नाकपुडी मेंदूला हलवत नसून, स्वायत्त मज्जासंस्थेतील एकच मंद लय नाक आणि मेंदू या दोघांनाही हलवत असेल. घड्याळाचे दोन काटे एकत्र फिरतात म्हणून एक दुसऱ्याला ढकलतो असे होत नाही.

नाक की तोंड?

उजव्या-डाव्याचा पुरावा असा डळमळीत असला, तरी नाक आणि तोंड यांतील फरकाचा पुरावा गेल्या काही वर्षांत अधिक भक्कम झाला आहे. १९४२ साली एड्रियन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या गंधकेंद्रात श्वासाबरोबर उठणाऱ्या विद्युतलहरी नोंदवल्या होत्या. २०१६ साली क्रिस्टिना झेलानो आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांत दाखवले, की नाकाने घेतलेल्या श्वासाच्या तालावर स्मृती आणि भावना यांच्या केंद्रांतील लहरीही डोलतात. निरोगी व्यक्तींत भ्यालेला चेहरा नाकाने श्वास आत घेताना अधिक लवकर ओळखला गेला. तोंडाने श्वास घेतला की हा परिणाम नाहीसा झाला. २०१८ साली स्वीडनमधील प्रयोगात गंध लक्षात ठेवल्यानंतरचा एक तास नाकाने श्वसन करणाऱ्यांची गंधस्मृती तोंडाने श्वसन करणाऱ्यांहून चांगली ठरली.

याचा अर्थ तोंडाने श्वास घेणारे मूल मंदबुद्धी होते, असा मुळीच नाही. एडिनॉईड आणि टॉन्सिल वाढून झोपेत श्वास अडखळणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरील अमेरिकन चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी मुलांची झोप, वर्तन आणि एकूण स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. पण अवधानाच्या औपचारिक चाचणीत केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून नाक मोकळे करायचे ते मुलाला नीट झोप लागावी यासाठी; गुणपत्रिकेसाठी नव्हे.

पालकांना चार शब्द

‘‘याचे एकच नाक बंद असते,’’ ही तक्रार मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. बंद बाजू बदलत असेल, मूल खेळत-जेवत असेल, तर ते नासाचक्र आहे. सर्दीत ते अधिक जाणवते, इतकेच. त्यासाठी नाक मोकळे करणारे थेंब मनाने घालू नयेत. ते हे चक्रच थांबवतात, आठवडाभराहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते, आणि तान्ह्या मुलांत ते धोकादायक ठरू शकतात. साधे मीठपाण्याचे थेंब पुरेसे असतात.

बंद बाजू कधीच बदलत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत मणी, चिंचोका, स्पंजचा तुकडा अडकला आहे असे समजूनच तपासावे. घड्याळातील बटणासारखी बॅटरी अडकल्याची शंका असेल, तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत ती नाकाचा पडदा जाळू शकते. नवजात बालक शांत असताना निळे पडते आणि रडताना गुलाबी होते, तर दोन्ही नाकपुड्यांची मागची वाट जन्मतः बंद असण्याची शक्यता असते, आणि ती तातडीची अवस्था आहे. एकाच बाजूची वाट बंद असेल, तर मूल दुसऱ्या बाजूवर निभावून नेते आणि निदान कित्येकदा वर्षानुवर्षे राहून जाते.

कॅलेंडर

येथे मी पुन्हा त्या आजोबांकडे वळतो. आठ महिन्यांनी ते आले, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर होते. दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक चौकोनात दोन बारीक अक्षरे होती, एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे. नातवाच्या नाकाखाली बोट धरून त्यांनी केलेली ती नोंद. ‘चं’ म्हणजे चंद्र, ‘सू’ म्हणजे सूर्य. मी पाने उलटली. तीन महिन्यांत एकही ‘सू’ नव्हता.

‘‘आपण हसलात, त्याचा मला राग नाही,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘पण माझा स्वर बदलतो, सूनबाईचा बदलतो, याचाच का बदलत नाही, एवढे सांगा.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी स्टीलचा थंड चमचा मुलाच्या नाकाखाली धरला. डावीकडे वाफेचा डाग उमटला. उजवीकडे चमचा कोरडा ठणठणीत. थेंब घालून दहा मिनिटे थांबलो, फरक शून्य. मग उजव्या नाकपुडीतून बारीक रबरी नळी हलकेच सरकवली. ती मागे जाऊन अडली. डावीकडून तीच नळी सहज घशात उतरली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिले, सी. टी. स्कॅन झाला, आणि निदान पक्के झाले. उजव्या नाकपुडीची मागची वाट जन्मतःच बंद होती. वैद्यकीय भाषेत एका बाजूचा कोॲनल एट्रेझिया. तो चिकट स्राव ॲलर्जीचा नव्हता. वाट नसल्याने साचलेला होता. आणि तो केवळ उजवीकडूनच येतो, हे मी इतक्या भेटींत विचारलेच नव्हते. नवजात शिशूच्या नाकात घालायची ती नळी माझ्या दवाखान्यात हाताच्या अंतरावर होती. आठ वर्षांच्या मुलात ती वापरण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी मुलगा आला तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने उजवे नाक शिंकरून दाखवले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते जमत होते. घोरणे थांबले, झोप सुधारली. गणिताचे गुण मात्र होते तेवढेच राहिले, हे आजोबांनीच मला हसत हसत सांगितले.

आजोबांचा सिद्धांत टिकला नाही, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. माझा सिद्धांत पुस्तकातला होता, आणि निरीक्षण मी केलेच नव्हते. त्यांच्या स्पष्टीकरणाला नकार देण्याच्या भरात मी त्यांच्या पुराव्यालाही नकार दिला, ही माझी चूक. तरुण सहकाऱ्यांना मी एवढेच सुचवीन, की रुग्णाच्या घरचे वडीलधारे माणूस काही सांगते, तेव्हा त्यातली मीमांसा बाजूला ठेवावी, पण नोंद कागदावर उतरवून घ्यावी. आणि वाचकांना विनंती, की आपल्या परंपरेतील निरीक्षणांचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र डाव्या-उजव्या नाकपुडीवर मुलाची बुद्धी तोलू नये.

शस्त्रक्रियेनंतरच्या त्या भेटीत आजोबांनी कॅलेंडर पुन्हा आणले होते. मला दाखवण्यासाठी त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवले. तेथे दोन लिटर दुधाच्या नोंदीशेजारी, लाल शाईत, पहिला ‘सू’ होता.